कम्युनिटी कॉलेजमधून युसीला ट्रान्सफर - मुलीला पाठवावं का? घरात रोज वाद चाललाय

सांगलीकर_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण आता खरंच काही सुचत नाहीये.

आम्ही सात वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो, नवरा एच-१वर (नोकरीचा व्हिसा), मी आणि मुलगी एच-४वर (त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा). मुलगी बारावीत आहे, मार्क चांगले, अगदी टॉपर नाही पण मेहनती आहे, तिला कम्प्युटर सायन्सच (सीएस) करायचंय. युसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, बर्कले, एलए, सॅन डिएगो, अर्व्हाइन, डेव्हिस सगळीकडून नकार आला. एकेका पोर्टलवर लॉगिन करताना मी तिच्या मागे उभी होते, शेवटचं डेव्हिसचं बघितलं आणि लॅपटॉप मिटून ती सरळ अंघोळीला गेली, नळ सोडून अर्धा तास आत. मी दाराबाहेर बसून होते, काय बोलणार.

आता हातात दुसऱ्या राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीची ॲडमिशन आहे, राहणं-जेवण धरून वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास जातंय, चार वर्षांचे किती ते तुम्हीच बघा. १ मे पर्यंत हो-नाही कळवायचंय. मुलीची शाळेतली काउन्सेलर म्हणाली की कम्युनिटी कॉलेजला दोन वर्षं कर आणि तिसऱ्या वर्षाला युसीत जा, खूप मुलं जातात. मुलगी तयार आहे, खरं तर तिनेच जास्त वाचलंय यावर. पण नवऱ्याचं म्हणणं कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठेच मिळालं नाही त्यांची जागा, तिथे मुलगी मागे पडेल, मैत्रिणी सगळ्या मोठ्या कॉलेजात आणि ही घरी. सासूबाईंनी फोनवर विचारलं, म्हणजे ते आपल्या आयटीआयसारखं का गं? मला उत्तरच देता येईना, मलाच माहीत नाही.

माझे प्रश्न असे की ट्रान्सफर खरंच होतं का की नुसतं सांगायला, सीएसला होतं का, घराजवळचं ओलोनी बरं की कूपर्टिनोचं डी अँझा, आणि एच-४मुळे काही अडचण आहे का, कारण ती २१ची होईल तेव्हा नेमकी मधेच असेल. आमचं ग्रीन कार्ड कधी येईल ते देवाला माहीत. ज्यांची मुलं या वाटेने गेलीत त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा, वाईट अनुभव असला तरी सांगा.

---

बाबा_डेव्हिसवाला

ताई, चार वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याच जागी होतो, त्यामुळे सविस्तर लिहितो. माझा मुलगा बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजातून डेव्हिसला स्टॅटिस्टिक्सला गेला, आता शेवटच्या वर्षाला आहे.

पहिलं म्हणजे ही मागच्या दाराने जायची वाट नाही, कॅलिफोर्नियाने ही मुद्दाम बांधलेली आहे. १९६० साली त्यांनी उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, त्यातच ठरलं की वरच्या साधारण आठव्या हिश्शातली मुलं युसीला, वरच्या तिसऱ्या हिश्शातली स्टेट युनिव्हर्सिटीला आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना उघडं, आणि तिथून चांगलं केलं की वर चढायची सोय. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. युसीत ट्रान्सफरने येणाऱ्यांमध्ये बहुतेक सगळे या कॉलेजांमधलेच असतात, दुसऱ्या चार वर्षांच्या कॉलेजातून येणाऱ्यांच्या आधी यांचा नंबर लागतो. आणि ट्रान्सफरला बारावीचे मार्क बघत नाहीत, कॉलेजातले बघतात. तुमच्या मुलीला पाटी कोरी मिळतेय, हे नवऱ्याला नक्की सांगा.

पैशाचं सांगतो. रहिवासी म्हणून युनिटला (कोर्सच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर फी, ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २७६० डॉलर, वर पुस्तकं, पार्किंग, हेल्थ फी वगैरे. त्या साठ हजारांशेजारी हा आकडा कागदावर लिहून ठेवा.

आता जिथे आमचं चुकलं ते. पहिल्या टर्मला कॉलेजातल्या एका काउन्सेलरने सांगितलं की कुठलंही कॅल्क्युलस चालेल, म्हणून मुलाने बिझनेसवाल्यांचं सोपं कॅल्क्युलस घेतलं. मार्क ए आले, आम्ही खुश. नंतर कळलं की ते ट्रान्सफर होतं, युनिट मिळतात, पण स्टॅटिस्टिक्स मेजरला (मुख्य विषयाला) ते धरतच नाहीत, त्याला इंजिनियरिंगवाल्यांची पूर्ण कॅल्क्युलसची मालिका लागते. एक टर्म गेली. "ट्रान्सफर होतो" आणि "मेजरला चालतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला ए ग्रेड घेऊन कळलं.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या कुणावर काही सोडलं नाही. असिस्ट डॉट ऑर्ग म्हणून राज्याची अधिकृत साइट आहे, त्यात तुमचं कॉलेज टाका, जायची युनिव्हर्सिटी टाका, मेजर टाका, की डाव्या बाजूला युसीचा कोर्स आणि उजव्या बाजूला तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा कोर्स दिसतो, आणि नसला तर "नाही" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आम्ही पाच युसींचे पाच कागद छापून जेवणाच्या टेबलावर पसरले, मुलगा पिवळ्या हायलायटरने पाचही कागदांत सारखे असलेले कोर्स रंगवत गेला आणि बायको वहीत टर्मवार लिहित गेली. जे सगळीकडे लागतं ते आधी, एकाच ठिकाणी लागतं ते शेवटी. ती वही अजून आहे आमच्याकडे. हे काम ऑगस्टच्या आत, पहिल्या कोर्सचं रजिस्ट्रेशन करायच्या आधी करा.

दुसरं, टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहा ठिकाणी लेखी हमी मिळते, की ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) राखला तर प्रवेश नक्की. सहांपैकी एकालाच करता येतो, अर्ज १ ते ३० सप्टेंबर. बर्कले, एलए, सॅन डिएगोला टॅग नाही. आणि प्रत्येक मेजरला पण नाही, उदाहरणार्थ सँटा बार्बराच्या इंजिनियरिंग कॉलेजला टॅग नाही, आणि त्यांचं सीएस त्याच कॉलेजात येतं. यादी दर वर्षी नवीन येते, तीच बघायची, मित्राने गेल्या वर्षीची पाठवलेली नाही. टॅग केला तरी युसीचा मुख्य अर्ज भरावाच लागतो, तो न भरल्याने टॅग वाया गेलेला एक मुलगा मी पाहिलाय.

आयटीआयचं म्हणाल तर नाही. आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना, सासूबाईंना तसं सांगा, चटकन कळेल.

---

मिसळ_विदाउट_तर्री

काकू, मी स्वतः डी अँझातून सॅन डिएगोला गेले, मॅथ-कम्प्युटर सायन्स मेजर, मागच्या वर्षी ग्रॅज्युएट झाले, त्यामुळे मुलांच्या बाजूने सांगते.

काकांनी सगळं बरोबर लिहिलंय पण एक गोष्ट थोडी सावध राहून ऐका, सीएसला हे सोपं नाहीये. युसीला अर्ज करायला किमान जीपीए २.४ आहे पण सीएससाठी तो आकडा डोक्यातून काढूनच टाका, तिथे सगळीकडे ए लागतात आणि मॅथ, फिजिक्स, प्रोग्रॅमिंगचे लागणारे सगळे कोर्स झालेले लागतात. बर्कलेला सीएसच्या ट्रान्सफर जागा फार थोड्या. आणि "दुसऱ्या मेजरला जाऊ मग आत गेल्यावर सीएस घेऊ" हा विचार अजिबात करू नका, आत गेल्यावर सीएसला बदलणं फार अवघड करून ठेवलंय, माझ्या दोन मैत्रिणी त्यात अडकल्या. म्हणून जवळपासची मेजर आधीच धरायची, मॅथ-सीएस, डेटा सायन्स, स्टॅट्स, कॉग्निटिव्ह सायन्स, ज्यात तिचं मन खरंच लागेल अशी. आणि सॅन होजे स्टेट, कॅल पॉली या स्टेट युनिव्हर्सिटींना नाकं मुरडू नका प्लीज, बे एरियातल्या कंपन्यांमध्ये सॅन होजे स्टेटची मुलं भरलीयेत.

ओलोनी का डी अँझा? डी अँझा क्वार्टर सिस्टिमवर आहे, म्हणजे १२ आठवड्यांत कोर्स खलास, चौथ्या आठवड्यात मिडटर्म येते, एक आठवडा आजारी पडलं की पार वाट लागते. ओलोनी सेमिस्टरवर आहे, श्वास घ्यायला वेळ मिळतो. पण बर्कले आणि मर्सेड सोडले तर बाकी युसी क्वार्टरवर, त्यामुळे डी अँझावाल्यांना तिथे गेल्यावर तो वेग नवीन वाटत नाही. मी तर म्हणेन तिने स्वतः दोन्हीकडे एकेक दिवस जाऊन यावं. फ्रीमाँटहून रोज सकाळी ८८० हायवेवरून कूपर्टिनो म्हणजे दिवसाचे दीड-दोन तास गाडीत, तेही धरा.

अजून एक, तिने शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजचा एखादा कोर्स घेतला असेल तर तो ग्रेड कायमचा रेकॉर्डवर असतो, युसीला तो सांगावाच लागतो आणि ट्रान्सफर जीपीएत धरला जातो. आता बारावीच्या शेवटी मुलांचं लक्ष उडतं, त्यामुळे असा कोर्स चालू असेल तर नीट संपव म्हणावं. एपी कॅल्क्युलस बीसी (शाळेतच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) दिलं असेल आणि स्कोअर चांगला असेल तर मॅथचे पहिले कोर्स वाचतात, फक्त ते स्कोअर कॉलेजला पाठवले तरी नंतर युसीला पुन्हा वेगळे पाठवावे लागतात, मी ते विसरले होते आणि जुलैमध्ये खूप धावपळ झाली.

एकटेपणाबद्दल खरं सांगते. पहिले तीन महिने मला वाईट गेले. इन्स्टावर सगळ्यांच्या डॉर्मचे फोटो आणि मी लायब्ररीत आईने दिलेला पोळीभाजीचा डबा खात फिजिक्सचे प्रॉब्लेम सोडवतेय. मग तिथेच बाजूच्या टेबलावर एक व्हिएतनामी मुलगी आणि एक ३४ वर्षांचा मेकॅनिक, दोघंही तोच होमवर्क करत होते, आमचा ग्रुप झाला, शेवटपर्यंत टिकला. तो मेकॅनिक रात्री गॅरेजमध्ये काम करून सकाळी आठच्या लेक्चरला यायचा, एकदाही उशीर नाही. त्याला बघून मी रडणं बंद केलं. तो बर्कलेला गेला, मेकॅनिकल इंजिनियरिंगला.

वर्ग लहान असतात, तीस-चाळीस मुलं, प्रोफेसरला नावाने माहीत असता. सॅन डिएगोला गेल्यावर ३०० मुलांच्या लेक्चरमध्ये बसल्यावर मला त्याची किंमत कळली. डिग्रीवर नाव युसीचंच असतं, कम्युनिटी कॉलेज कुठेच लिहिलेलं नसतं, मी रेझ्युमेवर मात्र लिहिते, मला ते लिहायला आवडतं.

---

सांगलीकर_फ्रीमाँट

तुम्हा दोघांचे कसे आभार मानू कळत नाहीये. मुलीला वाचायला दिलं, ती मेकॅनिकवाल्या भागाला दोनदा थांबली. आज रात्री नवऱ्याला दाखवते. एपी कॅल्क्युलस बीसी आहे तिचं, मे मध्ये परीक्षा. एच-४बद्दल कुणी सांगेल का? तीच सगळ्यात मोठी भीती आहे.

---

एच४_ते_एफ१

मी आमच्या मुलाचं या सगळ्यातून नेलंय म्हणून लिहिते, पण ताई, शेवटी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या असतात.

एच-४वर शिकता येतं, त्यासाठी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) लागत नाही. आणि एच-४वाल्यांना कॅलिफोर्नियात रेसिडन्सी मिळू शकते, म्हणजे फी रहिवाशांचीच लागते, कम्युनिटी कॉलेजात पण आणि युसीत पण. फक्त सिद्ध करावं लागतं, त्यामुळे टॅक्सचे कागद, घरभाड्याचं ॲग्रीमेंट, शाळेचे दाखले, ड्रायव्हिंग लायसन्स सगळं एका फाइलमध्ये आत्ताच काढून ठेवा. काही कॉलेजात खिडकीवरचा माणूस व्हिसा बघितला की पटकन इंटरनॅशनल म्हणून टाकतो. आमचं तसंच झालं होतं, तीन चकरा मारल्या तेव्हा दुरुस्त झालं. घाबरायचं नाही, रेसिडन्सीचं काम बघणाऱ्या माणसालाच भेटायचं म्हणून सांगायचं.

आता २१चं. ग्रीन कार्डची प्रक्रिया तोवर पुढे सरकली नाही तर २१व्या वाढदिवसाला एच-४ संपतो, त्याआधी एफ-१ करून घ्यावा लागतो. आणि एफ-१वर रेसिडन्सी धरत नाहीत, म्हणजे युसीत बाहेरच्यांची जादा फी, जी नुसतीच वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर आहे, नेहमीच्या फीच्या वर. मी आकडा मुद्दाम लिहितेय, कारण आम्हाला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मुलगा युसीत तिसऱ्या वर्षाला असताना समजलं. त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून एकमेकांकडे बघत होतो, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरी बाजू पण आहे. एच-४वर मुलांना काम करता येत नाही, पगारी इंटर्नशिप नाही, कॅम्पसवरची नोकरी पण नाही. सीएसच्या मुलाला इंटर्नशिपशिवाय नोकरी मिळणं कठीण. एफ-१ झाला की ते दार उघडतं. म्हणून काहीजण मुद्दाम लवकर एफ-१ करतात आणि जास्त फी सोसतात. आम्ही शेवटपर्यंत एच-४ ठेवला.

तुमच्या बाबतीत हिशोब असा मांडा. ती १८ची कधी झाली आणि २१ची नेमकी कोणत्या टर्ममध्ये होणार ते बघा. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं तर सुरक्षित आहेत ना? मग तेवढी दोन वर्षं स्वस्तात निघतात आणि वाचलेला पैसा पुढच्या जादा फीसाठी हाताशी राहतो. त्या दुसऱ्या राज्यात पहिल्या दिवसापासून साठ हजार जाणार आहेत आणि २१चं संकट तिथेही तसंच येणार. दुसरं म्हणजे कॅलिफोर्निया सोडून चार वर्षं बाहेर राहिली तर इथली रेसिडन्सी पुन्हा उभी करणं त्रासाचं. आणि नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाला प्रायॉरिटी डेटवरून (ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली तारीख) मुलीचं वय कसं मोजलं जाईल ते विचारा, त्यासाठी वेगळा कायदा आहे, काहींना त्यात दिलासा मिळतो.

---

डिप्लोमा_९४

मी पुण्यात असतो, अमेरिकेचं मला काही माहीत नाही, लेक न्यू जर्सीला असते म्हणून इथे वाचत असतो. पण सासूबाईंचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

बारावीत माझे मार्क कमी पडले तेव्हा वडिलांनी पॉलिटेक्निकला घातलं. गावात मला इंजिनियर म्हणायचे नाहीत, ओव्हरसियर म्हणायचे. लग्नाकार्यात काका विचारायचे, मग पुढे काय करणार बाळा, आणि वडील दुसरीकडे बघायचे, ते दुसरीकडे बघणं मला अजून आठवतं. डिप्लोमा करून मी डायरेक्ट सेकंड इयरला गेलो. तिथे बारावीतून आलेल्या मुलांना वर्कशॉपमध्ये लेथ मशिनला हात लावायची भीती वाटायची आणि मी चकमध्ये जॉब बसवून सरळ टर्निंग सुरू करायचो. मॅथ्स मात्र मला जड गेलं, एम-३ला दोनदा बसलो, ते पण खरं आहे.

ताई, तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा की मुलीच्या समोर कुणी विचारलं तर त्यांनी कॉलेजचं नाव स्वतः मोठ्याने सांगावं. तिला त्याचा आधार फार होईल. माझ्या वडिलांनी ते केलं नाही, मनात असून केलं नाही.

---

बाबा_डेव्हिसवाला

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. दादा, नमस्कार.

ताई, दोन गोष्टी राहिल्या होत्या. युसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो, म्हणजे कॉलेज सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालेलं असतं, तेव्हा तोपर्यंतचेच ग्रेड दिसतात. पहिलं वर्षच सगळं ठरवतं, नंतर सुधारू म्हणून चालत नाही. अर्जात चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत, त्यातला मेजरची तयारी कशी केली हा प्रश्न सक्तीचा. सॅट (प्रवेशपरीक्षा) नाही, शिफारसपत्रं नाहीत. जानेवारीत पुन्हा एकदा ग्रेड अपडेट करायचे असतात, ते ईमेल स्पॅममध्ये जातं, डोळ्यात तेल घालून बघा.

आणि कॉलेजांमध्ये सध्या कोर्सचे नंबर बदलताहेत, राज्यभर एकच नंबर करायचं चाललंय, २०२५च्या फॉलपासून इंग्लिशसारख्या काही कोर्सपासून सुरुवात झालीये. त्यामुळे जुन्या पोरांनी सांगितलेले नंबर नवीन यादीत दिसले नाहीत तर गडबडू नका. जनरल एज्युकेशनचा पॅटर्न पण २०२५च्या फॉलपासून नवा आहे, कॅल-गेटसी म्हणतात, युसी आणि स्टेट दोन्हीला एकच. पण सीएसला आधी मेजरचे कोर्स, जनरल नंतर, हे काउन्सेलरकडून तुमच्या मुलीच्या यादीप्रमाणे पक्कं करून घ्या.

---

सांगलीकर_फ्रीमाँट

उशिरा लिहितेय, माफ करा. काल शनिवारी आम्ही तिघं ओलोनीला जाऊन आलो. मिशन बुलेव्हार्डवरून आम्ही शंभरदा गेलो असू, पण आत कधी वळलो नव्हतो. टेकडीच्या उतारावर आहे, वरून अख्खा बे दिसतो. शनिवार असल्याने शांत होतं, एका बाकावर एक बाई बाळाला मांडीवर झोपवून पुस्तकात रेघा मारत बसली होती.

परवा रात्री नवऱ्याने हा सगळा धागा बसून वाचला. पुण्याच्या काकांचं वाचून झाल्यावर उठून गॅलरीत गेला, बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला प्रिंटरमध्ये कागद आहेत का. आम्ही बाराला झोपलो. सहा कागद झाले, हायलायटर नव्हता म्हणून मुलीने हिरव्या स्केचपेनने रंगवले. तीन कोर्स ओलोनीत सगळीकडे जुळतात, एका ठिकाणी मात्र सॅन डिएगोच्या रकान्यात "नाही" आहे, तो तिला डी अँझाला जाऊन घ्यावा लागेल असं दिसतंय, दोन कॉलेजात एकाच वेळी नाव घालता येतं का ते मंगळवारी काउन्सेलरला विचारणार आहोत. वकिलाची वेळ गुरुवारची मिळालीये, ती २१ची तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये होतेय.

सासूबाईंचा आज सकाळी फोन आला होता. फोन नवऱ्याने घेतला. म्हणाला, आई, ती ओलोनी कॉलेजला जाणार, मग युसीला. त्या म्हणाल्या, ओलोनी म्हणजे कुठे? तर तो खिडकीशी जाऊन टेकडी दाखवल्यासारखा हात करून सांगत बसला, फोनवर. मुलगी पोहे खात होती, तिने मान वर केली आणि परत खाली घातली.

एपीची परीक्षा झाली की पुढचे प्रश्न घेऊन येते. मिसळताई, तुम्हाला वेळ असेल तर तिच्याशी एकदा बोलाल का? मी तिला तुमच्या निरोपपेटीत लिहायला सांगितलंय.

---

मिसळ_विदाउट_तर्री

आला तिचा निरोप काकू! रविवारी बोलतोय आम्ही. आणि हो, दोन कॉलेजात एकाच वेळी घेता येतं, मी समरला फूटहिल कॉलेजला एक कोर्स केला होता, फक्त दोन्हीकडची ट्रान्सक्रिप्ट पाठवायची. तिला सांगा ते हिरवे कागद जवळ ठेवून फोन कर.